सुधाच्या खोलीत आलेली आजी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बसणार कसा? भुतं बनवायचाच मला पगार मिळतो! लोअर परळच्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही मोबाइलसाठी हॉरर गेम बनवतो आणि त्यातले सगळे मराठी संवाद मी लिहिते. 'सगळे' हा शब्द तेवढा लक्षात ठेवा.

नव्या गेमची नायिका सुधा, जुन्या चाळीत एकटी राहणारी. एका टप्प्यावर तिला दिवस गेल्याचं कळतं आणि खेळणाऱ्यासमोर दोन पर्याय येतात — मूल ठेवायचं की पाडायचं. पाडायचं निवडलंत की खोलीत अंधार, पाळणा आपोआप हलायला लागतो, तान्ह्याचं रडणं, आणि भिंतीवर अक्षरं उमटतात: 'आई, तू मला मारलंस.' मग काहीही करा, सुधा मरतेच. ते वाक्य मला लिहावं लागलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता.

निखिलशी, म्हणजे आमच्या टीम लीडशी, मी भांडले. "अरे, खरोखर यातून गेलेली मुलगी हे खेळली तर?"

"हॉरर आहे गं. गिल्ट चालतं मार्केटमध्ये. तू का एवढी पेटलीयेस?"

का ते त्याला कसं सांगणार? माझ्या धाकट्या बहिणीने, मृणालने, नुकताच गर्भपात करून घेतला होता. आत्ता मूल नको असं तिने आणि नवऱ्याने मिळून ठरवलं, डॉक्टरांकडे रीतसर झालं. पण नंतर ती पार मिटून गेली. विश्रांतीला म्हणून लालबागला आमच्याकडे आली, तेव्हा आईला आम्ही 'अशक्तपणा आलाय' एवढंच सांगितलं. दिवसभर खिडकीत बसायची, धड जेवायची नाही. एकदा मला म्हणाली, "ताई, मी वाईट आहे का गं?"

आणि आमचा प्रत्येक गेम सगळ्यांत आधी मृणालने खेळायचा, ही घरची जुनी रीत! या वेळी मी टेस्टिंगचा फोन कपाटात साड्यांखाली दडवला.

रविवारी दुपारी मसाला आणायला खाली गेले होते. परत येऊन बघते तर मृणाल खिडकीपाशी, कानात हेडफोन, हातात तोच फोन. स्क्रीनवर सुधाची खोली... पाळणा...

"मृणाल, बंद कर ते! आत्ताच्या आत्ता!"

"थांब ना... ही आजी काय म्हणतेय बघ."

कुठली आजी? आमच्या गेममध्ये आजी नाहीच!

मी वाकून पाहिलं. नऊवारीतली एक म्हातारी सुधाच्या खोलीत घरच्यासारखी वावरत होती. तिने आधी खिडकी लावली. मग पाळणा सोडवून कोपऱ्यात ठेवला. भिंत कोरी होती. सुधाच्या पुढ्यात तिने वाटी ठेवली आणि खाली अक्षरं आली — 'ह्या अर्धा बाळंतपण आसता, चेडवा. वाऱ्यार बसा नको. खीर खा.' मालवणीत, आमच्या घरच्या बोलीत! 'चेडवा' म्हणजे पोरी. अख्खा गेम मी पुस्तकी मराठीत लिहिलाय हो.

स्क्रीन काळी झाली. मृणाल हुंदके देऊन रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. तिने आधी खिडकी लावली. मृणालच्या पुढ्यात अळिवाच्या खिरीची वाटी ठेवली — बाळंतिणीला देतात तीच — आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "वाऱ्यार बसा नको, चेडवा. अर्धा बाळंतपण आसता ह्या."

हेडफोन मृणालच्या कानात होते, आई आत होती; तिला काही ऐकू येणं किंवा दिसणं शक्यच नव्हतं. आणि अळीव तर आधी भिजत घालावे लागतात!

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक व्हया? आवस आसय मी."

आईचं एक वेळ पटतं. आयांना कळतं. पण फोनचं काय?

सोमवारी ऑफिसात सगळ्या फायली उपसल्या. ती आजी नाही, ते वाक्य नाही. त्याच फोनवर तोच पर्याय दाबला, तर पाळणा हलला, तान्हं रडलं, भिंतीवर अक्षरं उमटली. नंतर कितीदा तरी दाबून पाहिलं. निखिल म्हणतो, मीच मस्करी केली आणि आता त्यालाच घाबरवतेय. मी म्हटलं, बरं, तसं समज, पण मग ती आजी खरंच घाल ना गेममध्ये. तो हसला. "मग घाबरणार कोण?"

मृणाल आता बरी आहे, तिच्या घरी गेली. मला मात्र चैन नाही. रिलीज जवळ आलंय आणि तो प्रसंग जसाच्या तसा आहे. कुठल्यातरी खोलीत, दार लावून, कानात हेडफोन घालून एखादी मुलगी तो पर्याय दाबेल आणि पाळणा हलायला लागेल. तिच्या घरात कुणाला काही माहीत नसेल.

तिच्याकडे ती आजी येईल ना?