डाव्या हाताचा घास

मी नेमकं काय शिकते हे गावात कुणालाच कधी कळलं नाही, याचा मला अजून राग आहे. ओटी म्हटलं की बायकांना खणानारळाची ओटी आठवायची आणि पुरुषांना ऑपरेशनची खोली. ऑक्युपेशनल थेरपी असं पूर्ण नाव घेतलं तर चुलते म्हणायचे, "म्हंजे मालिशच की!" मग मी दातओठ खात समजावून सांगायची. लकवा झालेल्या, हातपाय अधू झालेल्या माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण, शेतातलं, दुकानातलं, ते शिकवणं हे आमचं काम. चुलते सगळं ऐकून मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पारावर सांगायचे, "पोरगी मुंबईला मालिशीचं मोठं शिक्षण घ्यायली."

आमचं गाव मुरुमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. पदवी झाली, वर्षभर एका दवाखान्यात नोकरी झाली, आणि मास्टर्सला नंबर लागला. त्याच उन्हाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा झाला. उजवी बाजू गेली. माझं कॉलेज सुरू होईपर्यंत ते काठीच्या आधारानं चालायला लागले, जीभही बरीच वळायला लागली. हात मात्र तसाच राहिला. खांदा उचलायचा, कोपर वाकायचं, पण मनगट खाली लोंबायचं आणि बोटं एकदा मिटली की लवकर उघडायची नाहीत.

अण्णांना एकटं जेवण कधी गोड लागलं नाही. ताट वाढलेलं असलं तरी ते उंबऱ्यात उभे राहून रस्त्याकडं बघायचे, आणि कुणी ओळखीचा दिसला की हाक मारायचे, "या, दोन घास खाऊन जा." आई वैतागायची, कारण दोन भाकरी हमखास जास्तीच्या कराव्या लागायच्या. लग्नाकार्याच्या पंगतीत त्यांच्या आजूबाजूला बसायला लोक धडपडायचे. ते हसवायचे, आग्रह करायचे, आणि शेजारच्याच्या ताटात त्याला नकळत लाडू सरकवायचे. लहानपणी माझी जागा त्यांच्या डाव्या मांडीजवळ ठरलेली होती. हॉस्टेलच्या मेसमध्ये पाण्यासारखी आमटी पुढ्यात आली की मला ती जागा आठवायची, आणि आठवली की जेवण जायचं नाही.

पहिल्या वर्षी दिवाळीला मी घरी आले ती डोक्यात पुस्तकं भरूनच. दाराशी उभी राहून बघते, तर आई अण्णांना भरवत होती. आमच्याकडं आजारी माणसाला हलू देत नाहीत, त्याच्या हातून काही करवून घेतलं तर लोक नावं ठेवतात. मला ते बघवलं नाही. एवढा मोठा माणूस, आणि 'आ' करून बसलाय! मी बॅग ठेवली आणि घोषणाच केली, "उद्यापासून अण्णा आपल्या हातानं जेवणार."

उजव्या हाताचा विचार मी केला होता, नाही असं नाही. पण सहा महिने होत आले होते, आणि इतका वेळ गेल्यावर जे परत यायचं ते फार हळू येतं. आठ दिवसांत काही करून दाखवायचं तर डावा हात. पुस्तकात तसंच होतं. मी सायकलच्या मुठीचं रबर कापून चमच्याच्या दांड्यावर बसवलं, ताटाखाली ओलं फडकं ठेवलं आणि अण्णांना शिकवायला बसले. रोज संध्याकाळी मी एक छापील कागद भरायची. त्यात प्रत्येक कामाला सातपैकी आकडा द्यायचा असतो. पहिल्या दिवशी जेवणाला दोन लिहिले. अण्णांनी कागदात डोकावून विचारलं, "सातापैकी दोनच?"

"हो ना," मी म्हटलं. "आता वाढवायचेत."

असा पेशंट मला परत मिळाला नाही. न सांगता दुपारीसुद्धा सराव करायचे. कपाळाला घाम यायचा, चमचा पडायचा, ते तो उचलून पुन्हा सुरू करायचे. आठव्या दिवशी वरणभात, भाजीत कुस्करलेली भाकरी, सगळं डाव्या हातानं. मी कागदावर सहा लिहिले आणि त्यांना दाखवले. अण्णा एवढे हसले की त्यांचं वाकडं तोंड सरळ झाल्यासारखं वाटलं. कॉलेजात मी हीच केस मांडली. मॅडमनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग मार्गशीर्षातली अमावस्या आली. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस शोधून सापडत नाही, सगळे रानात असतात. शेतात कडब्याचा कोप, म्हणजे छोटी खोपी, उभा करून पूजा होते, पिकात आंबील शिंपडतात आणि मग पंगती बसतात. शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, गव्हाची खीर. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं. थोडक्यात, हा सण अण्णांसाठीच केलेला असावा अशी माझी लहानपणी खात्री होती. मी दोन दिवसांची सुट्टी काढून आले.

पंगत बसली. वीसपंचवीस माणसं, हरभऱ्याच्या कडेला आंथरलेल्या ताडपत्रीवर. मी उंडे वाढत पुढं सरकत होते आणि शेवटच्या माणसापर्यंत गेले तरी अण्णा दिसेनात. शोधत गेले, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपलीकडं, पंगतीकडं पाठ करून, मांडीवर ताट घेऊन बसले होते. डाव्या हातात माझा रबरी मुठीचा चमचा होता.

"अण्णा, इथं का बसलाव? तिकडं पंगत बसली की."

"तू जेव जा. माझं व्हतंय."

आई माझ्या मागोमाग आली होती. ती म्हणाली, "दिवाळीपासनं असंच हाय. आपली समद्यांची जेवणं झाली की बियाच्या खोलीत ताट घिऊन जात्यात आन दार लावून घेत्यात. पाव्हणे आले तर म्या जेवलो म्हनत्यात. डाव्या हातानं खाताना कुणी बघाय नगं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनीच सांगू दिलं न्हाय."

डाव्या हातानं जेवू नये हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणी ह्याच अण्णांनी माझ्या डाव्या हातातली भाकरी काढून उजव्या हातात दिली होती. पण शिकता शिकता मी ते असं पुसून टाकलं होतं, जसं काही आमच्या घरी कुणी जेवतच नव्हतं. आधी मी अण्णांवरच चिडले. चूक आपली असली की मला पहिल्यांदा राग येतो.

"नको होतं तर तेव्हाच सांगायचं. शिकलाव कशाला मग?"

अण्णांनी चमचा ताटात ठेवला. "तुला सातापैकी दोन पडले हुते, माय. म्या बघितले कागदावर. म्हनलं, पोरगी एवढ्या लांब शिकायला गेली, आपल्यापायी नापास व्हायला नगं. मग सहा पडले. तू लई खूश झालीस."

ते आकडे माझ्या परीक्षेचे आहेत असं त्यांना वाटत होतं. आठ दिवस घाम गाळून त्यांनी माझे मार्क वाढवले होते. मी तिथंच ढेकळांत बसले आणि रडले. आई म्हणाली, "सणाचं रडायलीस काय?" आणि स्वतःही पदर डोळ्याला लावून पंगतीकडं वाढायला गेली.

पेशंटला पहिल्यांदा काय विचारायचं हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवतात. तुम्हाला काय करता यायला हवंय, हे विचारायचं. शहरात मी रिक्षावाल्याला विचारलं होतं, मासळीवाल्या बाईंना विचारलं होतं. घरात विचारलं नव्हतं, कारण घरातलं मला सगळं माहीत होतं. नाक पुसून मी ते अण्णांना विचारलं.

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून गुडघ्यावर ठेवला. "पंगतीत बसायचं. ह्या हातानं."

"लई सांडंल, अण्णा. वेळ लागंल."

"सांडू दे. रान हाय. मुंग्या खातील."

जाताना मी वर्तमानपत्रावर त्यांचा उजवा हात ठेवून पेन्सिलनं भोवती रेघ ओढली. बोटं सपाट पडेनात, म्हणून अंगठ्याजवळ रेघ वेडीवाकडी झाली. त्या मापानं मी कॉलेजात मनगटाचा पट्टा बनवला. गरम पाण्यात मऊ होणारं एक प्लास्टिक असतं, ते हातावर बसवून आकार द्यायचा. अण्णांचा हात समोर नव्हता, म्हणून मापावरून अंदाजानं केला. तीन वेळा बिघडला. मॅडम म्हणाल्या, "फार आशा दाखवू नकोस. पण मनगट धरून ठेवलं तर तीन बोटं कामाची आहेत." पट्टा पार्सलनं गावी गेला. कागद मात्र मी ठेवून घेतला. खोलीत कुणी नसलं की त्या रेघेत मी माझा पंजा ठेवून बघायची. माझा हात त्यात मावून चारी बाजूंनी जागा उरायची. तेवढ्या वेळापुरती मी कुणाची थेरपिस्ट वगैरे नसायची. मला घरी जायचं असायचं, बस.

वर्षभर शिकवणं चाललं ते व्हिडिओ कॉलवर. आई फोन धरायची आणि तो धरता धरता अण्णांना रागवायची, त्यामुळं मला बहुतेक वेळा छतच दिसायचं. पट्ट्यानं मनगट सरळ राहायला लागलं, बोटं घास धरायला लागली, पण तोंडापर्यंत हात जाईना. अर्ध्यावर थरथरून खाली यायचा. डावा हात अन्नाला लावायचा नाही, ही अण्णांची अट. मी पुस्तकं उलटीपालटी करत होते. एक दिवस छताकडून आईचा आवाज आला, "तीर्थ घिताना उजव्या हाताखाली डावा धरत्यात, तसं धरा की वो."

झालं. एवढी पुस्तकं वाचून मला जे सुचलं नव्हतं ते तिला भाजी निवडता निवडता सुचलं. अण्णांनी डावा तळवा उजव्या हाताखाली धरला आणि घास वर चढला. अर्धा सांडला, अर्धा गेला.

दुसऱ्या वर्षीची येळवस आली ती नेमकी माझा प्रबंध जमा करायच्या आठवड्यात. मॅडमनी दोन प्रकरणं लाल करून परत दिली होती. सुट्टी मागायची सोय नव्हती. अण्णा फोनवर म्हणाले, "येऊ नगं. लिव्ह तू." मी लिहीत बसले. दुपारी फोन लावला तर रानात रेंज नाही. उगाच दर दहा मिनिटांनी लावत राहिले. शेवटी संध्याकाळी आईचाच फोन आला.

अण्णा पंगतीत बसले होते. मधोमध, चुलत्यांच्या शेजारी. पट्टा बांधलेला, उजव्या हाताखाली डावा. आईनं उंडे भज्जीत कुस्करून दिले होते. एकेक घास वर जायला इतका वेळ, की बाकीच्यांची जेवणं कधीच उरकली. आता, आमच्याकडं पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. एरवी हा प्रश्न दोनचार मिनिटांचा असतो. त्या दिवशी सगळी पंगत खरकट्या हातानं बसून राहिली. बोटांवरची भज्जी वाळून कडक झाली. कुणी अण्णांकडं टक लावून बघितलं नाही, कुणी घाई केली नाही. थंडीच्या, बोअरच्या पाण्याच्या, कुणाच्या तरी म्हशीच्या गप्पा काढत बसले. आई म्हणाली, पाऊण तास तरी झाला असंल. आणि ताट संपल्यावर अण्णांनी वर खीर मागितली.

"दादा, पुढल्या येळवशीलाच उठवताव काय आमाला?" चुलते म्हणाले, आणि सगळी पंगत हसली. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं. खीर संपेपर्यंत मग चुलतेही बसले.

"तू असायला पायजे हुतीस," आई म्हणाली. मी म्हटलं, "इकडं आवाज कट व्हायलाय," आणि फोन ठेवला.

ज्याची मी वर्षभर वाट बघितली ते झालं होतं. मला आनंद झाला, खूप झाला. पण त्याहून जास्त मला तिथं असायचं होतं. वाढायला नको, शिकवायला नको, कागद भरायला तर नकोच. नुसतं त्या ओळीत मांडी घालून, भज्जी वाळलेला हात तसाच धरून, माझ्या बापाचं जेवण व्हायची वाट बघत बसायचं होतं. आमच्या सगळ्या भावकीनं ते केलं आणि मला ते मिळालं नाही.

आठ वाजता मी मेसमध्ये गेले. समोरची मुलगी जेवून उठली, शेजारची उठली. मी दोन पोळ्या खाल्ल्या, ताट ठेवलं. मग नळाशी जाऊनही हात धुवावासा वाटेना. तशीच उभी राहिले, मागं कुणीतरी नळासाठी थांबलंय हे लक्षात येईपर्यंत.