फेटा आमच्या नानांनाही बांधला होता

आज बिडकीनच्या लग्नातून जळफळत घरी आलोय, खोटं कशाला बोलू.

मी मुकुंदवाडीत मुलींचं वसतिगृह चालवतो. लग्नात दुसऱ्या एका वसतिगृहाच्या विश्वस्त बाईंचा सत्कार झाला. त्यांनी सरळ माईक घेतला. "शाल राहू द्या, आमच्या पोरींना गहू द्या." पंगती उठेपर्यंत चार पोती कबूल झाली.

आमचे विश्वस्त नाना माझ्या शेजारीच फेटा बांधून बसले होते. परतताना राहवलं नाही. "नाना, तुम्हाला नाय का असं मागता येत?"

"येतं की. तू कधी सांगितलं? मीटिंगला बोलवतो, चहा पाजतो अन् सह्या घेतो."



तुम्ही तरी तुमच्या विश्वस्तांकडं सहीशिवाय काही मागितलंय का?