बिरड्याची परीक्षा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. फौजेत होते तेव्हा तो नाकावर असायचा. आता तिथे चष्मा बसतो, म्हणून तो थोडा वर सरकलाय, एवढंच. माझी सगळी नोकरी सैन्याच्या कोठारांत गेली. गाडीच्या नटबोल्टपासून तंबूच्या दोरीपर्यंत सगळं पुरवायचं आणि वर्षानुवर्षं पुरवत राहायचं. नवी गाडी आली की हार घालायला दहा जण पुढे येतात. चौथ्या वर्षी तिचा पट्टा तुटतो तेव्हा एकाचाही पत्ता नसतो. नव्याचे नऊ दिवस! माझा राग मुख्यतः त्या दहाव्या दिवसावर आहे.

निवृत्तीनंतर मी पनवेलला घर घेतलं आणि शिकवायला लागले. ओवे गावाच्या कडेला एका कंपनीनं हॉल घेतलाय, तिथे स्कूटरवरून जाते. ही कंपनी सैन्यासाठी फिरतं स्वयंपाकघर बनवते. ट्रकच्या मागे जोडायची गाडी, तिच्यावर डिझेलचे दांडगे बर्नर, पातेली, झारे, परातींची जागा, सगळं. पण गाडी विकली म्हणजे कंपनी सुटली असं होत नाही. ती पंचवीस वर्षं चालती ठेवायची जबाबदारी कंपनीची. कुठला भाग कधी झिजेल, त्याचा जोड कुठे ठेवायचा, दुरुस्ती कोण करणार, त्याला कोण शिकवणार, आणि शेवटी गाडी मोडीत कशी काढायची, हे सगळं आधी ठरवावं लागतं. कंपनीच्या लॉजिस्टिक्स मॅनेजरांना ते ठरवायला मी शिकवते. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय मोडायचा हा वर्ग आहे, असं मी पहिल्याच दिवशी सांगते. सगळे हसतात आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येतात.

गेल्या हिवाळ्यातली बॅच मात्र लक्षात राहिली. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, इथे कशाला आलात? खारघरचा एक गोरटेला तरुण आधी घरपोच किराणा पोचवणाऱ्या कंपनीत होता. तो म्हणाला, "मॅडम, करिअर ग्रोथ." बाकीच्यांनीही फिरवून फिरवून तेच सांगितलं. मग शेवटच्या रांगेतली एक बाई उठली. पस्तिशीची असेल. आधी बंदरावर कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर होती. बोलताना फार जपून, शहरी बोलायला गेली आणि दुसऱ्याच वाक्यात घसरली.

"मॅडम, आमी उलव्याला सहाव्या मजल्यावर राहतो. बिल्डरनं चावी दिली, पेढा दिला नि गेला. वर्ष नाय झालं तर लिफ्ट बंद. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या खालीच उतरत नाय. देऊन मोकळी होणारी माणसं मी घरात बसून बघते हाय. मला दुसरं शिकायचंय."

पेढ्याला वर्ग हसला. मला ती त्याच क्षणी आवडली. शिक्षकानं असं करू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

ती हुशार होती, पण एक खोड होती तिला. प्रत्येक उत्तरानंतर माझ्या तोंडाकडे बघायची. माझी भुवई हलली की लगेच उत्तर बदलायची. आणि माझ्या भुवया म्हणजे काय, वाऱ्यानंसुद्धा हलतात.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कंपनीचे मोठे साहेब चहाला आले. बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाले, "सपोर्ट विभागाचं प्रमुखपद तुमच्या वर्गातल्या कुणाला तरी द्यायचंय. ही बाई बरी वाटते. पण ती तुमच्याकडे बघून बोलते. तुम्ही काही पंचवीस वर्षं पुरणार नाही. परीक्षेत ती आपली आपण उभी राहिली, तर जागा तिची. नाहीतर पुण्याचा एक अनुभवी माणूस तयार आहे, आणि हिचं कंत्राट बॅचबरोबर संपतं."

मी चिडले. कारण बोलणं खरं होतं. खोट्यावर मी इतकी चिडत नाही.

मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे परत यार्डात. तिथं पाळ्या असतात मॅडम. संध्याकाळी सासूबाईंना धरून जिन्यात थोडं चालवते, ते पण जाईल." आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. कपाळच माझं! म्हटलं, "बये, इकडे नको बघूस. तिकडे, गाडीकडे बघ."

माझ्या परीक्षेची रीत अशी. कागदबिगद काही नाही. शेवटच्या दिवशी सगळ्या वर्गानं त्याच गाडीवर स्वयंपाक करायचा आणि साहेबांना जेवायला घालायचं. सकाळी मी येऊन गाडीतली एक वस्तू काढून खिशात घालते आणि सांगते, "ही मोडली." पुढे फक्त वर्गानं स्वतः आखलेली तयारी वापरायची. बाहेरून काही आणायचं नाही, दुकानात पळायचं नाही. आणि जे कराल ते कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही गाडीपाशी करता आलं पाहिजे. नाही जमलं, तर साहेब उपाशी आणि सगळा वर्गही उपाशी. भुकेएवढा कडक परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

या बॅचनं बेत ठरवला वालाचं बिरडं आणि भात. मोड आलेले वाल तीच घरून घेऊन आली, सासूबाईंनी भिजवलेले. सकाळपासून सगळे मॅनेजर परातीभोवती मांडी घालून वाल सोलत बसले. किराणावाला तरुण वाल असा दाबायचा की सालीतून सुटलेला दाणा थेट शेजाऱ्याच्या चष्म्यावर. काय तो गोंधळ, काय ती हसाहसी!

मी सावकाश उठले, बर्नरचा हातपंप उघडला आणि आतला चामडी वायसर काढून घेतला. ज्यांच्या घरी कधी स्टोव्ह होता त्यांना सांगायला नको, वायसर गेला की पंप फुसका. हवाच धरत नाही, मग बर्नर पेटतोय कसला.

"वायसर मोडला," मी म्हटलं.

सगळे खूश! वायसर त्यांनी आखलेल्या तयारीत होता, एकाच्या जागी चार. सुट्या भागांची लाकडी पेटी गाडीखालून ओढून काढली. आणि मग सगळे पेटीकडे बघत उभे राहिले. झाकण चारी बाजूंनी स्क्रूनं आवळलेलं. प्रवासात उघडू नये म्हणून.

"स्क्रू ड्रायव्हर?" उलव्याच्या बाईनं विचारलं.

किराणावाल्याचा चेहरा पडला. पेटी भरायचं काम त्याचं होतं. "आत आहे," तो म्हणाला. "हत्यारं पण आतच आहेत. एक ऑर्डर, एक पार्सल... मला वाटलं, सगळं एकत्र गेलं तर बरं."

घरपोच किराण्याच्या खोक्याची टेप माणूस भाजीच्या सुरीनं कापतो. त्याला तेच ठाऊक. चूक त्याची, पण आराखड्यावर सही तिची होती, आणि तपासताना तिच्याही नजरेतून ती सुटली होती. कुणी म्हणालं दगड घाला. कुणी म्हणालं ओव्यातून सुतार आणू. ती म्हणाली, "डोंगरावर बर्फात सुतार कुठला? नि दगडानं पेटी फुटली तर पुढच्या वेळी भाग ठेवायचे कशात?"

घड्याळ पुढे सरकत होतं. बर्नरवरचं आधण थंडगार. आणि ती वळली, माझ्याकडे.

माझी जीभ इतकी वळवळत होती म्हणून सांगू! मला उत्तर सुचलं होतं. निदान तसं वाटत होतं. नाण्यानं स्क्रू फिरवा, असं सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा. माझ्या आवडीच्या बाईची नोकरी डोळ्यांसमोर चालली होती हो, गप्प कशी बसू?

तिनं हात वर केला. "मॅडम, तुमी नाय बोलायचं."

मला असं कोणी, अगदी माझ्या वरिष्ठांनीसुद्धा, कधी म्हटलं नव्हतं.

"तुमी आज नाय असं समजतो आमी," ती म्हणाली. "तुमी वाल सोला."

मी वाल सोलायला बसले. दुसरं काय करणार?

ती गाडीभोवती फिरली. हळूहळू, प्रत्येक खुंटीला हात लावत. मग भात ढवळायचं हातभर लांबीचं लोखंडी उलथनं काढलं, त्याची धार झाकणाच्या फटीत घातली आणि दांड्यावर सगळं वजन टाकलं. कर्रर्र! एक कोपरा उचलला. किराणावाल्यानं दुसरं उलथनं घातलं. झाकण स्क्रूंसकट वर आलं, पेटी मात्र शाबूत. तिनं वायसर काढला, गोड्या तेलात बुडवला, पंपात बसवला आणि दोन्ही हातांनी पंप मारायला लागली. बर्नर भडभडून पेटला तेव्हा मॅनेजरांनी अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा कुत्रा पळाला.

"लिहून घ्या," ती किराणावाल्याला धापा टाकत म्हणाली. "आता झाकणाला स्क्रू नाय, कडी. हत्यारं गाडीच्या खुंटीला टांगायची, पेटीत नाय. नि स्क्रूच्या ज्या पेट्या गाड्यांबरोबर आधीच गेल्यात त्यांच्यासाठी उलथनं. कुठं पण गाडी गेली तरी सोबत उलथनं हाय म्हणजे हायच."

साहेब आले तेव्हा भात फडफडीत झाला होता आणि बिरड्याला उकळी आली होती. ते पत्र्याच्या ताटात मागून मागून जेवले. शेवटी हात धुताना त्यांनी तिला विचारलं, "खरं सांगा, मॅडमनी किती मदत केली?"

मी तिथेच होते, परातीपाशी, सुरकुतल्या बोटांनी. ती माझ्याकडे बघेल म्हणून भुवया मुद्दाम सरळ धरल्या होत्या. तिनं बघितलंच नाही.

"मॅडम नव्हत्या, सर," ती म्हणाली. "मॅडमची गरज नाय पडली."

साहेब हसले. "पुण्याला कळवतो, येऊ नका म्हणून."

मला वाईट वाटलं. हो, वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांत मी नसल्याचं कुणाला इतकं सहज चाललं नव्हतं. आणि त्याच दमात इतका आनंद झाला की डोळे भरून आले. कांदा चिरत असते तर निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं.

तिनं आधी सासूबाईंसाठी डबा भरला. मग माझं ताट वाढून आणलं, समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मॅडम, आता बोला. कसं झालंय?"

मी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

मीठ अगदी बरोबर होतं.