हेही पाहा

जगातली प्रत्येक गोष्ट एका कार्डावर मावते, असं आमच्या वाचनालयातल्या बाईंचं ठाम मत आहे. आणि एखादी मावत नसेल, तर चूक त्या गोष्टीची. कार्डाच्या तळाशी ‘हेही पाहा’ असं लिहून वाचकाला दुसऱ्या पुस्तकाकडं धाडायची ग्रंथालयात रीत असते. बाईंनी ती बोलण्यातही आणली. माझ्या लग्नात त्यांनी सासऱ्यांना माझी ओळख करून दिली, “मुलगा, पदवीधर. हेही पाहा, टक्कल पडायला लागलंय.” सासऱ्यांनी खरंच वाकून पाहिलं.

पदवीधर आमच्या घराण्यात मी पहिला. हे मी कुणी न विचारताही सांगतो. पण देवगाव रंगारीहून शहरात नवा नवा आलो, तेव्हा वाचनालयाच्या दारात कोणतं पुस्तक मागावं हेच कळेना. बाईंनी लाकडी कपाटाचा एक खण ओढून माझ्यापुढं ठेवला. “नाव ठाऊक नाय ना? मग बोट फिरव. थांबलं की सांग.” माझं बोट ‘परगावी एकटं राहणं’ या कार्डापाशी थांबलं. पुस्तक निघालं स्वयंपाकाचं. पण भात तेवढा शिकलो. बाईंचं कामच असं. पुस्तकाच्या नावानं कार्ड करून त्या थांबत नसत. माणूस ज्या शब्दांत विचारेल त्या शब्दांचंही एक कार्ड करत. भूगर्भशास्त्राचा जाडजूड ग्रंथ त्यांच्याकडं ‘बोअरला पाणी का लागलं नाय’ या नावाखाली सापडे.

दुष्काळात गल्लीत टँकर यायचा तेव्हा भांडणं मिटवायला बाई पुढं झाल्या आणि सगळ्यांच्या घागरी आडनावाच्या अकारविल्ह्यानं लावल्या. पाणी ‘स’पाशीच संपलं. शेजारचे हिवराळे कोरडी घागर घेऊन आले. “बाई, नळाला पाणी येईस्तोवर आडनाव बदलू का?” बाईंना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रांग उलटी लावली. मग अंभोरे भांडायला आले.

पुढं शहर वाढलं आणि वाचनालय एका चकचकीत इमारतीत गेलं. चिटणीस म्हणाले, “बाई, आता सगळं मोबाईलवर सापडतं. तिकडं कपाटाला जागा नाय, भंगारात देऊ.” मोबाईलवर बाईंचा राग नव्हता, तो त्यांना उतावळा उमेदवार वाटायचा. “एक विचारलं की लाख उत्तरं देतंय. असल्याला मी काउंटरवर बसूच दिलं नसतं.” पण कपाट जायचं म्हटल्यावर त्यांचं जेवण तुटलं. भंगारवाला आला त्या दिवशी बाई कपाटाला पाठ लावून स्टुलावर बसल्या. मीही रजा टाकून गेलो होतो.

“अम्मा, हटो ना. गाडी भाडे की है.”

“पहले ये बोलो, तुमको क्या पढना है?”

“मेरेकू? खुलताबाद में जरासी खेती है, बोअर सूख गया. पढको क्या करूं?”

बाईंचा चेहरा असा उजळला, की चिटणीसही दोन पावलं मागं सरले. ‘ब’चा खण निघाला, त्यातून कार्ड निघालं, त्यावरून आणखी ‘हेही पाहा’ निघालं. गाडी दुपारपर्यंत दारात उभी. संध्याकाळी कपाट भंगाराच्या गाडीतूनच निघालं, पण बाईंच्या घराकडं; आणि पुढच्या सीटवर, नवा सभासद झालेल्या भंगारवाल्याच्या मांडीवर, भूगर्भशास्त्र. त्याच्या बोअरला पाणी लागलं का ठाऊक नाय. पुस्तक मात्र त्यानं वेळेवर परत आणलं.

आता ते कपाट बाईंच्या फ्लॅटमध्ये निम्मी जागा अडवून उभं आहे. रिकाम्या खणांत सूनबाईंनी मसाले ठेवलेत, अर्थात अकारविल्ह्यानं. नव्या इमारतीत पुस्तकांच्या जागा बदलल्या, त्यामुळं कार्डांवरचे आकडे आता कुठल्याच फळीपर्यंत नेत नाहीत. बाईंना ते ठाऊक आहे. पुस्तक कुठं ठेवलंय ते मी मोबाईलवरच बघतो. तरी कामावरून सुटलो की पाय तिकडंच वळतात.

परवा मी असाच गेलो, नि खण ओढून उगाच बोट फिरवत बसलो. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“काय शोधतोयस रे?”

“काहीच नाय, बाई.”

“मग बस निवांत,” त्या म्हणाल्या. “ते शोधायला वेळ लागतो.”