मोठ्या आकड्याचं बक्षीस

गणेशदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. बाबा एवढंच म्हणाले, "दादा गेला... तू निघ."

गणेशदादा माझा चुलतभाऊ, श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावच्या कबड्डी संघाचा चढाईपटू. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रकल्पासाठी मी डोक्याला बांधायच्या पट्ट्यांत छोटे सेन्सर बसवले होते. पडताना, आपटताना गुरुत्वाकर्षणाच्या किती पट धक्का बसतो ते कळायचं. आकडा संघातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर यायचा. पट्टी बांधायला दादाच आधी पुढे आला. "बांध, इंजिनेरीणबाई. डोकं हाय का न्हाई, ते तरी कळंल."

मला धोका मोजायचा होता. गावाला ती ताकद वाटली. सराव संपला की पोरं विचारायची, "आज कुनाचा मोठा?" मोठा आकडा वाईट, असं मी सांगायचे, ती हसायची. गावच्या स्पर्धेत तर मंडळाच्या अध्यक्षांनी सर्वांत मोठ्या आकड्याला चषकच लावला.

उपांत्य सामन्यात तिघांनी दादाला उचलून आपटलं. तेव्हाचा आकडा लाऊडस्पीकरवरून जाहीर झाला. टाळ्या पडत होत्या आणि दादा मंडपामागे ओकत होता. सेन्सर धक्का सांगतो, इजा सांगत नाही, एवढं मला कळत होतं. पण ओकारी मी डोळ्यांनी पाहिली होती. अध्यक्षांना म्हणाले, "काका, त्याला खेळवू नका. दवाखान्यात न्या."

"उन्हानं झालं असंल. लई मोजती तू, पोरी."

दादानं तोंड धुतलं. "एकच सामना राहिलाय गं. डोकं जरा जड हाय, बाकी काय न्हाई."

अंतिम सामन्यात डोक्याला पुन्हा मार बसला... तो उठलाच नाही. चार दिवस दवाखान्यात बेशुद्ध होता; मी नगरला परतले आणि मग बाबांचा तो फोन आला.

दशक्रियेला नदीकाठी भाषणं झाली. असा धक्का पचवणारा गडी तालुक्यात झाला नाही, असं अध्यक्ष म्हणाले. पचवणारा, म्हणे. मग आम्ही सगळे तिथं कशाला जमलो होतो? कुणी विचारलं नाही. मीही उठले नाही. त्या गर्दीत बायका बोलत नाहीत. शेवटी त्यांनी तो चषक दादाच्या आईच्या, माझ्या काकूच्या हातात दिला. लोकांनी फोटो काढले.

परवा काकूकडे गेले. चषक गोठ्यात, जमिनीवर होता. काकू त्यात कोंबड्यांना पाणी ओतत होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, बक्षीस हाय ते पोराचं."

"म्हाईत हाय मला," काकू म्हणाली, आणि तो काठोकाठ भरला.