बाप्पाने दिलेली बाजू

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळात दर गणपतीत वादविवाद होतो. बाजू आपण निवडायची नाही. बाप्पापुढे चिठ्ठी उचलायची आणि निघेल ती बाजू जीव तोडून मांडायची. "बाप्पाने दिलेली बाजू बदलायची नसते," असं जुनी मंडळी म्हणतात. एरवी ही गंमतच, पण बाबांसारखा माणूस असला की गंमत घरावर येते.

त्या वर्षीचा विषय होता, सरकारच्या आरोग्य योजनेमुळे सामान्य माणसाचा खर्च कमी होतो की नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना नुकतीच कार्डं मिळाली होती, आई-बाबांनाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाबांना 'कमी होतो' ही बाजू आली. चिठ्ठी उघडेपर्यंत ते योजनेला नावं ठेवत होते. मग माधवगंजच्या आमच्या स्वयंपाकघरात भाषणाचा सराव सुरू झाला. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "अहो, आवाज जरा कमी करा, पडोसचे समजतील भांडण चाललंय." बाबा जिंकले. शाल, श्रीफळ, टाळ्या, सगळं झालं.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्यांना पटवता पटवता ते त्यांचं त्यांनाच पटलं. खासगी विम्याचा हप्ता आला, तो त्यांनी भरलाच नाही. मी भडकले. "बाबा, तो वादविवाद होता! दुसरी चिठ्ठी निघाली असती तर?"

"निघाली नाही ना?" ते म्हणाले. "एका डोक्यावर दोन छत्र्या कशाला?"

हुशार माणसाला समजावण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं.

थंडीत एका सकाळी आईच्या छातीत कळ आली. घराजवळच्या नेहमीच्या इस्पितळात विमा चालायचा, कार्ड चालत नव्हतं, आणि तिथे रोख भरायची आमची ऐपत नव्हती. रिक्षा वळवून कार्ड चालणाऱ्या इस्पितळात गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "अप्रूवल आने दीजिए. माताजी को तब तक बिठा दीजिए." आईला बाकावर बसवलं. घाईत निघताना तिच्या अंगावर हाताला लागली ती शाल टाकली होती, ती बाबांची बक्षिसाची निघाली. बाबा कार्ड हातात धरून खिडकीशी उभे होते. मंजुरी दुपारी आली.

ऑपरेशन फुकट झालं, खोटं कशाला बोलू? पण डॉक्टर म्हणाले, "थोड़ा जल्दी हो जाता तो..." आईचं हृदय बरंचसं निकामी झालं होतं. आता जन्मभर गोळ्या आणि तपासण्या. इस्पितळात दाखल असल्याशिवाय ते कार्ड यातलं काही देत नाही. बाबांच्या पेन्शनीत आणि माझ्या पगारात जमेल तेवढं आम्ही जमवतो, आणि ते जमत नाही. त्या दिवशी मंडळात दोन्ही बाजू खरं तेच बोलत होत्या, हे आता मला कळतं. त्याचा आईला काडीचा उपयोग नाही. मला योजनेचा राग येतो, बाबांचा येतो, आणि बाबांकडे पाहिलं की रागवायचीही सोय राहत नाही.

यंदा मंडळाचे लोक बोलवायला आले, तेव्हा बाबांनी हात जोडले आणि आत निघून गेले. रात्रीची जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "अहो, ते भाषण म्हणा ना. मला फार आवडलं होतं."

मला वाटलं, नाही म्हणतील. पण ते उठले, ओट्याला धरून उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात सुरू झाले. "मित्रहो, यापुढे सामान्य माणसाच्या घरी..." आणि थांबले. विसरले नव्हते.

आईला सगळं पाठ होतं. "...औषधासाठी कुणाला मन मारावं लागणार नाही," तिने वाक्य पुरं केलं. मग सुरीने गोळी मधोमध कापली, अर्धी पाण्याबरोबर घेतली आणि उरलेली उद्यासाठी डबीत ठेवली. डॉक्टरांनी रोज अख्खी सांगितली आहे.