बॉनेटवरचं कुंकू

मी चिडका आहे, हे आधीच कबूल करतो. वीतभर मॉडेल गाडीवर तीन महिने रंगाचे थर चढवणारा माणूस शांत असेल, असं लोकांना वाटतं. माझ्या बायकोला विचारा.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तीस वर्षं त्यांनी त्या दुधी रंगाच्या गाडीतून नाशिकहून त्र्यंबकला यात्रेकरू नेले. दोन वर्षांपूर्वी पाय मोडून ते दवाखान्यात होते, तेव्हा मी ती नांदगावच्या एकाला विकून टाकली. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. तेव्हापासून ते माझ्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नव्हते. तोंडाने माफी मागणं मला जमत नाही, म्हणून तीच गाडी लहान करून बनवत होतो.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी चकाकीसाठी शेवटचा क्लिअर कोट मारला आणि बॉडी गच्चीवरच्या खोलीत वाळत ठेवली. आठ दिवस हात लावायचा नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी वर जाऊन बघतो, तर बॉनेटवर ओल्या कुंकवाचं बोट ओढलेलं, अक्षता चिकटलेल्या, टपावर झेंडूचं फूल. हातच्या कांकणाला आरसा कशाला! सकाळपासून बायकोने स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. मी जिन्यावरूनच ओरडलो, "त्या गाडीला कशाला लावलंस? रंग ओला आहे, एवढी अक्कल नाही?"

"मी नाही लावलं. अहो, ऐकून तर घ्या..."

मी दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पॉलिश करायला बसलो. वाळायची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता. कुंकू पुसलं गेलं, पण लाली आत मुरली होती, आणि तीही नेमकी बॉनेटच्या कडेपर्यंत. कडेला रंग सगळ्यात पातळ. कमी घासलं तर डाग राहणार, जास्त घासलं तर रंगच जाणार. बारीक वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून चार वेळा घासायचं, पुसायचं, उजेडात तिरकं धरून बघायचं. पुन्हा चार वेळा. एकदा कडेला करडं दिसलं. खालचा प्रायमर उघडा पडला, या धास्तीने फडकं ओढलं. पुसलं, तर साबणाचा फेस होता. दोन तासांनी लाली गेली. बॉनेटमध्ये खिडकीचे गज दिसायला लागले आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

खाली आप्पा पलंगावर पेपर वाचत होते. गाडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बॉनेटवर अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"म्या लावलं व्हतं कुंकू," ते म्हणाले.

तसल्या पायाने ते गच्चीपर्यंत जिना चढले होते. बायको तेच सांगत होती. त्यांनी ती गाडी आपली मानली होती आणि मी ते दोन तास घासून काढलं होतं. मला रडू यायला लागलं. देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि झाकण काढून त्यांच्यापुढे धरला.

"चुकलं माझं. लावा ना आप्पा. आत्ता लावा."

त्यांनी करंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दसरा काल झाला," ते म्हणाले, आणि गाडी माझ्या हातात परत दिली.